‘मॅडम कार्ड घेतात का?’



मी सॉफ्टवेअरवाला माणूस, वैद्यकीय क्षेत्रातला नाही. तरी आज बोलतोय, कारण गेल्या वर्षी धाकट्या बहिणीसाठी मी दोन महिने एकच गोष्ट शोधत होतो: सरकारी आरोग्य योजनेत बसणारी स्त्रीरोगतज्ज्ञ. बहीण सोलापुरात, मी पुण्यात. तिचा नवरा गॅरेजवर काम करतो. सातव्या महिन्यात तिचं बीपी वाढलं आणि खासगी दवाखान्यात सिझेरियनचा अंदाज ६० हजार सांगितला. सासरी दागिने मोडायची भाषा सुरू झाली.

आपल्याकडे सगळे एकच विचारतात, ‘मॅडम कार्ड घेतात का?’ पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत, यांत डॉक्टर नोंदलेले नसतात, रुग्णालय नोंदलेलं असतं. त्याच मॅडम सकाळी स्वतःच्या दवाखान्यात फी घेतील आणि दुपारी दुसऱ्या रुग्णालयात योजनेतून ऑपरेशन करतील. बरं, रुग्णालय यादीत आहे म्हणून सगळं होतं असंही नाही. एखादं फक्त हृदयासाठी असतं, एखादं किडनीसाठी. स्त्रीरोग विभाग असला तरी तुमचा उपचार पॅकेजमध्ये लागतो, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. शिवाय हे कार्ड भरती झाल्यावरचं. दर महिन्याची तपासणी, सोनोग्राफी त्यात येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एकात एक चार ‘इफ’ आहेत, आणि लोक पहिल्यावरच थांबतात.

म्हणून रिसेप्शनला विचारू नका, आरोग्यमित्राला विचारा. योजनेतल्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं. ‘प्रसूती-स्त्रीरोग विभाग योजनेत आहे का? या निदानाला कुठलं पॅकेज? पूर्वमंजुरी मिळेल का?’ एका ठिकाणी काउंटरवर ‘चालत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. मी तिथूनच १५५३८८ वर फोन लावला. विभाग यादीत निघाला! पण साध्या बाळंतपणासाठी नाही. हा फरक काउंटरवर कुणी सांगितलाच नसता.

आता आपल्या घरांतला खास घोळ. रेशनकार्डावर ‘शबाना बी’, आधारवर ‘शेख शबाना रफिक’, आणि लग्नानंतर तिसरंच नाव. त्यात सुनेचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर. तिकडून कमी केल्याशिवाय सासरच्या कार्डात चढत नाही. हे काम कळा सुरू झाल्यावर होत नाही. दिवस राहिल्याचं कळलं, त्याच आठवड्यात करून टाका.

आमचा प्रश्न मात्र शेवटी कार्डाने सुटला नाही. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, सगळं मोफत आहे. २०११ पासून, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात. कार्ड असो वा नसो. दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञ डॉक्टर गरोदर बायांना मोफत तपासतात, तेही २०१६ पासून. मी इंजिनीअर, दिवसभर सर्च करणारा, आणि मला हे सांगितलं कुणी? बहिणीच्या गल्लीतल्या आशाताईंनी.

घरात मात्र वाद झाला. ‘सरकारीत? आणि पुरुष डॉक्टर असला तर?’ ९ तारखेला लेडी डॉक्टरच होत्या, त्यांनी बीपीची गोळी सुरू केली, जोखमीची केस म्हणून नोंद केली. तरी बहिणीच्या सासूबाईंचा हट्ट जाईना. तेव्हा अम्मी म्हणाली, ‘रात्री दोनला जो ड्यूटीवर असेल, तो आपला डॉक्टर.’ विषय तिथे संपला.

सदतिसाव्या आठवड्यात बीपी पुन्हा चढलं. १०२ ची गाडी आली, सिझेरियन झालं. गर्दी होती, अम्मी दोन रात्री व्हरांड्यात चटई टाकून झोपली. बिल शून्य. मुलगी झाली, दोन किलो चारशे ग्रॅम, आणि दागिने आहेत तिथेच आहेत.

जाता जाता एक. ज्यांच्या नावाची ही योजना आहे, त्या जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात स्वतःच्या घरी विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली होती. दारात कार्ड तपासत नव्हते.

चहानंतर मी लॅपटॉप घेऊन त्या कोपऱ्यात बसतोय. ज्यांच्या घरी कुणी गरोदर आहे, त्यांनी रेशनकार्ड आणि आधारचा फोटो घेऊन या. नावं जुळतात का, ते आधी बघू.