स्वतःचे किती, वारशाचे किती?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, पगारपत्रके चाळताना. तेव्हा जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेवर मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मला या विषयाकडे तीन हमालांनी नेले.

करार झाला, रोजाचा दर वाढला. साऱ्यांना वाढ मिळाली. या तिघांना मात्र जुनाच दर. हिशेबनीस म्हणाला, "मशीनचा हिशेब आहे, मी काय करणार?" पण मशीनचा हिशेबही कुणा माणसानेच लिहिलेला असतो. बऱ्याच घासाघिशीनंतर तो पाहावयास मिळाला. एका सभासदाच्या मुलीने शेजारी बसून वाचून दाखवला.

ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत रचली. तिच्यात प्रत्येक वस्तूचे स्वतःचे गुणधर्म असतात आणि पाठीशी बहुधा दुसरी वस्तू असते. तिला प्रोटोटाइप म्हणतात. मागितलेला गुणधर्म स्वतःपाशी नसला की शोध प्रोटोटाइपकडे जातो, तेथे नसला तर त्याच्याही प्रोटोटाइपकडे. वर कोणीच उरले नाही की थांबतो. आपल्याकडे वडिलांचे शेत नावावर करायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. येथे ते खेटे भाषाच घालते, तेही दरवेळी नव्याने.

म्हणूनच नमुन्याच्या कामगाराचा दर बदलताच बाकी सर्वांचा बदलला. या तिघांना मात्र पूर्वी विशेष दर मिळाला होता, आणि तो त्यांच्या स्वतःच्या नोंदीत लिहिलेला होता. स्वतःचे सापडले की शोध वर जातच नाही. काल जास्त असलेला दर आज कमी पडला, तरी तोच पुढे येत राहिला.

"दर आहे का?" एवढे विचारून हे उमगत नाही. 'इन' हा शब्द स्वतःच्या आणि वारशाच्या, दोन्ही गुणधर्मांना होय म्हणतो. 'फॉर-इन'ची फेरीही वारशाचे गुणधर्म घेऊन येते. 'ऑब्जेक्ट.कीज' मात्र स्वतःचेच सांगते. आणि २०२२ साली भाषेत आलेले 'ऑब्जेक्ट.हॅजओन' नेमके विचारते, हे तुझे स्वतःचे का? सगळ्यांना विचारले. होय म्हणाले ते हेच तिघे.

मी म्हटले, तेथे शून्य घाला. मुलगी हसली. "काका, शून्यही त्यांचे स्वतःचेच होईल. मग रोज शून्य!" नोंद 'डिलीट' केली, तेव्हा वरचा दर दिसला.

मागच्या पाच महिन्यांचा फरक काही डिलीटने मिळत नाही. त्याचा कागद घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा हिशेबनिसासमोर बसलो.