व्यापारनीतीचे जाणते आणि त्यांचे मूळ व्यवसाय

अंकलेश्वराहून बऱ्हाणपुराकडे जाणारा हमरस्ता गुजरातची हद्द सोडून महाराष्ट्रात शिरला, म्हणजे थोड्याच अंतरावर खापर हे गाव लागते. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, भोवती कापसाची व ज्वारीची शेते, आणि डोंगरातील पाड्यांवरून उतरून येणारी भिल्ल मंडळी असा हा मुलूख. पूर्वी तो पश्चिम खानदेशात मोडत असे. 1998 साली नंदुरबार हा निराळा जिल्हा झाला, तेव्हापासून तो त्या जिल्ह्याच्या अक्कलकुवे तालुक्यात आहे. गावाचे नाव ऐकताच मराठी माणसास त्या नावाचा वाक्प्रचार आठवल्यावाचून राहत नाही. कापसाचा भाव पडला की शेतकरी त्याचे खापर अडत्याच्या माथी फोडतो, अडत्या ते मुंबईच्या बाजाराच्या माथी, आणि मुंबईचा बाजार सातासमुद्रापलीकडच्या कोणाच्या तरी माथी! खरे पाहता भावाचा बराचसा भाग दोन गोष्टींनी हलतो. एक जकात आणि दुसरी हुंडणावळ. या दोहोंचे दर कागदावर बसवितात ते व्यापारनीतीचे जाणते. हे जाणते कोण, पूर्वी काय करीत होते, आणि त्या पूर्वीच्या धंद्याने त्यांच्या दृष्टीस कोणते वळण लावले, हे पाहणे कुतूहलाचे तर आहेच. परंतु ज्याचा कापूस गाडीत भरलेला आहे त्याच्या दृष्टीने ते निव्वळ कुतूहलही नव्हे.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया ज्यांनी घातला ते पेशाने न्यायाधीश होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 1842 साली निफाड येथे झाला. 1879 साली, वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत, सरकारने त्यांची नासिकहून धुळ्यास बदली केली आणि तेथे त्यांच्या टपालावर पाळत ठेविली. खानदेशाशी त्यांचा संबंध आला तो असा, संशयाच्या वाटेने. पुढे दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखाली त्यांस गावोगाव फिरून दिवाणी कज्जांची दप्तरे तपासावी लागली. कर्जखते, व्याजाचे हिशेब, सावकाराच्या वह्या आणि कुणब्याच्या जबान्या हेच त्यांचे अर्थशास्त्राचे विद्यालय. 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी प्रतिपादिले की, इंग्रजी ग्रंथांतील सिद्धांत हे सूर्यचंद्राच्या गतीसारखे सर्वत्र सारखे लागू होणारे नियम नव्हेत. ज्या देशाची जशी स्थिती तशी त्याची नीती. जर्मनी आणि अमेरिका यांनी आपले कारखाने जकातीच्या आडोशाने वाढविले, मग हिंदुस्थानानेच खुल्या व्यापाराचे व्रत का पाळावे? दोन्ही पक्षांचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल द्यावयाचा नाही ही न्यायासनाची सवय या व्याख्यानात पदोपदी दिसते.

त्या काळी खुल्या व्यापाराचे व्रत कसे पाळले जाई याचा एक मासला पुरे आहे. 1896 साली परदेशी कापडावर शेकडा साडेतीन जकात ठेवण्यात आली, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे मन राखण्यासाठी तितकाच साडेतीन टक्के कर हिंदी गिरण्यांच्या कापडावरही बसविण्यात आला. तो कर उठण्यास 1926 साल उजाडावे लागले.

रानड्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या गृहस्थाने रानडे आणि गोखले या दोघांसही आकडे पुरविले, त्या रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचे नाव आज सुशिक्षित घरांतूनही क्वचितच निघते. जोशी हे शाळामास्तर होते. सरकारी हायस्कुलात शिकवीत शिकवीत ते मुख्याध्यापक झाले. दिवसा वर्ग, आणि उरलेल्या वेळात सरकारचे जमाखर्चाचे, आयातनिर्यातीचे, रेल्वेचे व शेतसाऱ्याचे अहवाल. बहुतेकांस हे अहवाल चाळावयाचाही कंटाळा. जोशी ते ओळीने वाचीत, एका वर्षाच्या आकड्याशी दुसऱ्या वर्षाचा ताळा घालीत, आणि कोठे बेरीज जुळत नाही ते हुडकून काढीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे इंग्रजी त्रैमासिक 1878 पासून निघू लागले. त्यात त्यांचे लेख येत, परंतु सरकारी नोकरीमुळे त्यांवर नाव घालण्याची सोय नव्हती. वाचणाऱ्याने लेखाची तारीफ करावी आणि लेखकाने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने वर्गावर जावे, असा तो प्रकार! 1911 साली ते वारले. त्यानंतर 1912 साली त्यांचे लेख व भाषणे यांचा जाडजूड ग्रंथ पुण्यास छापून निघाला, तेव्हा कोठे या माणसाने किती काम उपसले होते त्याचा अंदाज लोकांस आला.

1897 साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनापुढे साक्ष देण्यास गोपाळ कृष्ण गोखले विलायतेस गेले. गोखल्यांचे वय त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते आणि तेही अध्यापकच. मुरलेले अधिकारी उलटतपासणी घेणार, एक आकडा चुकला तर सारी साक्ष कवडीमोल ठरणार. ती साक्ष तयार करण्यात जोश्यांचा हात होता. पुढे 1902 पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर गोखल्यांची जी भाषणे गाजली त्यांच्याही पाठीशी जोश्यांचे साहाय्य होते. सरकारी तिजोरीतील शिल्लक ही देशाच्या भरभराटीची खूण नसून, हुंडणावळ वर नेल्यामुळे व लोकांवर गरजेहून अधिक कर ठेवल्यामुळे ती साचली आहे, हा गोखल्यांचा मुद्दा. त्यानंतरच्या काही वर्षांत मिठावरील कर मणास अडीच रुपयांवरून पायरीपायरीने एक रुपयावर आला. मिठाची पुडी ही सातपुड्यातील झोपडीतही लागणारी वस्तू. तेव्हा शाळामास्तराच्या त्या रात्रींचे फळ तेथवर पोहोचले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फळ्यावर त्रैराशिक मांडून दाखविणाऱ्यास एक सवय लागते ती ही की, उत्तर बरोबर असून भागत नाही, रीतही दाखवावी लागते. जोशी आणि गोखले यांच्या लिखाणात ही रीत दाखविण्याची सवय फार आहे.

1923 साली पहिले टॅरिफ बोर्ड नेमले गेले. त्यातील तिघांत एक मुलकी अधिकारी रेनी, दुसरे जिनवाला, आणि तिसरे पुण्याच्या फर्गसन कॉलेजातील अर्थशास्त्राचे अध्यापक वामन गोविंद काळे. या बोर्डाच्या शिफारशीवरून 1924 साली पोलादाच्या धंद्यास संरक्षण मिळाले. अध्यापकास जकातीचा दर सुचविण्याचा अधिकार मिळाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता हुंडणावळीचा वाद. खापरच्या कापसाशी याचा संबंध सर्वांत जवळचा, म्हणून त्याचा हिशेब नीट पाहावा. विलायतेस कापूस विकून एक पौंड आला असे समजा. पौंडाचे पेन्स 240. रुपयाचा दर 16 पेन्स असेल तर त्या पौंडाचे 15 रुपये होतात. तोच दर 18 पेन्स केला तर हाती येतात 13 रुपये 5 आणे 4 पै. कापूस तोच, गिऱ्हाईक तेच, लिव्हरपूलचा भावही तोच; मात्र पंधरा रुपयांमागे पावणेदोन रुपये जवळजवळ गळाले. हिल्टन यंग कमिशनाने 1926 साली 18 पेन्सांचा दर सुचविला आणि 1927 साली तो कायद्याने कायम झाला. कमिशनातील एकाच सभासदाने भिन्नमतपत्रिका जोडून 16 पेन्सांचा आग्रह धरला. ते सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, मुंबईचे कापसाचे मोठे व्यापारी. कापसाच्या व्यापाऱ्याने कापूस पिकविणाऱ्याची बाजू घेतली यात नवल नाही. त्याचा स्वार्थ त्यात होता असे कोणी म्हणेल. होता हे खरे, पण स्वार्थ असला म्हणून हिशेब खोटा ठरत नाही.

याच कमिशनापुढे आणखी एका मराठी गृहस्थाची साक्ष झाली. ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकविले होते. लंडनच्या विद्यापीठाची डी. एससी. मिळवून आणि बॅरिस्टर होऊन ते परत आले होते व मुंबईस वकिली करीत होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ 1923 साली लंडनला प्रसिद्ध झाला. प्रा. कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली, आणि सर्व मते मान्य नसताही लेखकाच्या ताज्या बुद्धीचे कौतुक केले. रुपया स्वस्त झाला म्हणजे निर्यात करणाऱ्यास अधिक रुपये मिळतात, हे आंबेडकरांसही ठाऊक होते. परंतु त्यांनी विचारले की, हा नफा येतो कोठून? मीठ, तेल, कापड महागते आणि मजुराची मजुरी मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. म्हणजे एका वर्गाचा नफा तो दुसऱ्या वर्गाचा तोटा, देशाची मिळकत नव्हे. खापरच्या शिवारात ज्याची जमीन आहे त्याने ठाकुरदासांस दुवा द्यावा, आणि ज्याच्या हाती फक्त वेचणीची मजुरी आहे त्याने आंबेडकरांस. दोघेही त्याच बांधावर उभे असतात. ठाकुरदासांचा धंदा कापसाचा होता. आंबेडकरांनी मजुरीवर जगणाऱ्यांचे जिणे जवळून पाहिलेले होते. पुस्तके दोघांनीही वाचली असतील, परंतु कोणाचे नुकसान आधी नजरेस यावे हे पुस्तकाने ठरविले नाही.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा उल्लेख येथे करणे प्राप्त आहे. केंब्रिजहून परतल्यावर ते काही वर्षे सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते, म्हणजे तापीच्याच काठी. 1930 साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिची धुरा त्यांनी वाहिली. पुढे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. अध्यापकाने उसाच्या गाड्या मोजाव्या, हा योग विरळा.

सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची वाट अगदीच निराळी. जन्म 1896, महाडजवळील नाते गावचा. केंब्रिजमध्ये अभ्यास वनस्पतिशास्त्राचा, त्यातही पारितोषिक मिळविलेले. मग सनदी परीक्षेत पहिला क्रमांक आणि मध्यप्रांतात मुलकी कारभार. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि 1944 च्या जुलैत अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे जागतिक नाणेनिधी व जागतिक बँक यांची घडण चालली असता हिंदुस्थानच्या मंडळात बसले. मंडळाचे प्रमुख अर्थखात्याचे सभासद सर जेरेमी रेझमन. सोबत सर थिओडोर ग्रेगरी, षण्मुखम् चेट्टी आणि उद्योगपती ए. डी. श्रॉफ. प्रश्न मोठा नाजूक होता. युद्धात ब्रिटनने येथून माल नेला आणि त्याची किंमत लंडनला पौंडांच्या रूपाने जमा करून ठेविली. 1947 पर्यंत ही रक्कम सुमारे 1,547 कोटी रुपयांवर गेली होती. पैसा आपला, पण काढता येईना! त्यातील काही भाग तरी नव्या निधीमार्फत मोकळा व्हावा ही मागणी तेथे मांडण्यात आली. ब्रिटनच्या वतीने केन्स यांनी ती नाकारली. हा प्रश्न दोन देशांनी आपसांत मिटवावा, असे ते म्हणाले. निधीत हिंदुस्थानचा वाटा मात्र चाळीस कोटी डॉलरांचा ठरला. वनस्पतींची वर्गवारी करणाऱ्या आणि त्याच साली मेघदूताचे मराठी रूपांतर प्रसिद्ध करणाऱ्या गृहस्थाने परकीय हुंडणावळीच्या सभेत बसावे, यावरून सनदी नोकरी माणसास किती प्रकारची कामे करावयास लावी ते कळते.

त्यानंतरच्या पिढ्यांत वाटा बदलल्या. विजय केळकर हे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे पदवीधर. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून ते संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेत आणि नंतर नाणेनिधीच्या संचालक मंडळात गेले. मुंबईत जन्मलेले अविनाश दीक्षित मूळचे गणिताचे विद्यार्थी. 1977 साली स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांनी मांडलेल्या रीतीवर क्रुगमन यांचा व्यापारसिद्धांत उभा राहिला, ज्यांस 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. न्यायाधीश आणि शाळामास्तर यांची जागा आता गणिती व इंजिनिअर यांनी घेतली आहे. हिशेब पूर्वीपेक्षा सूक्ष्म होतो यात शंका नाही. कर्जखतावरील अंगठा पाहिलेला मनुष्य त्या खोलीत आता क्वचितच असतो, हेही तितकेच खरे.

सरकारच्या कृषिमूल्य आयोगाच्या रचनेत शेतकऱ्यांचे दोन बिनसरकारी प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. परंतु कापसावरील जकात ठरते ती अर्थखात्याच्या अधिसूचनेने. 2021 च्या फेब्रुवारीत परदेशी कापसावर एकंदर 11 टक्क्यांची जकात बसली. 2022 साली एप्रिलपासून काही महिने ती माफ झाली, नंतर पुन्हा लागू झाली, आणि 2025 च्या ऑगस्ट महिन्यात पुन्हा उठविली गेली. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. गिरणीवाल्यांस स्वस्त कापूस हवा होता आणि त्यांचीही अडचण खोटी नव्हती. त्या ऑगस्टमध्ये खापरच्या शेतांतील बोंडे अजून हिरवी होती. वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू व्हावयाची होती.