सिंहगडाच्या एका चढाईची हकीगत



गेल्या हिवाळ्यात आम्ही एका कचेरीतले नऊजण सिंहगड चढून गेलो. यात व्याख्यान देण्याजोगे काही नाही, हे आम्हांस ठाऊक आहे; रविवारी पहाटे निम्मे पुणे तेच करते. आम्ही मात्र पैसे ठरवून चढलो. आतकरवाडीहून तानाजीच्या समाधीपर्यंत पोचलो तर अमुक रुपये, मध्येच बसलो तर निम्मे, असे वचन प्रत्येकाने नातलग-शेजाऱ्यांकडून घेतले होते. जमलेली रक्कम स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेस द्यावयाची होती.

या रोगाविषयी आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हटले की विषय संपतो. वस्तुतः आल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०६ साली ट्यूबिंगेनच्या सभेत ज्या बाईची हकीगत मांडली, ती १९०१ साली त्याच्यापुढे आली तेव्हा ५१ वर्षांची होती. साठी तिने पाहिलीच नाही. आपल्या देशात साठीपुढील माणसांत शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले एक घर आमच्याच कचेरीतले होते आणि आम्हांला पत्ता नव्हता!

हिशेब खात्यातले आमचे सहकारी म्हणाले, "पैसे देतो, पण यायला जमणार नाही. आईजवळ कोणी नाही." ज्यांच्यासाठी गड चढायचा, त्यांचाच माणूस खाली राहणार! आम्हांला शरम वाटली. अखेर आमच्यातल्या दोघीजणी आईंपाशी बसल्या आणि त्यांना आम्ही बरोबर नेले.

वाट तीन किलोमीटरांहूनही कमी, पण उभी. पुणे दरवाज्यापाशी ते म्हणाले, "पाच मिनिटं टेकतो." टेकले ते दोन तास झोपले. आई रात्री दोनला उठून 'घरी जायचंय' म्हणत दाराची कडी काढते, हे आम्हांला मागाहून कळले. कोणी त्यांना उठवले नाही. आळीपाळीने आम्ही पिठले-भाकरी खाऊन आलो. समाधीपर्यंत ते पोचलेच नाहीत, म्हणून त्यांच्या एका देणगीदाराने खरोखरच निम्मे पैसे दिले. नियम तो नियम. आमची तक्रार नाही.

खरी चढण घरी झाली. आई दर पाच मिनिटांनी विचारीत, "मुलगा कुठं गेला?" गडावर, असे सांगितले की, "अंधाराच्या आत उतरेल ना?" आणि घड्याळात सकाळचे दहा! खरे सांगून त्यांची काळजी वाढतेच, हे ध्यानात आल्यावर दोघींनी पुढ्यात मटार ठेवले. हातांना सोलणे आठवत होते. प्रश्न थांबले. टोपली संपली तशी एकीने धावत जाऊन आणखी दोन किलो आणले. संध्याकाळी त्या दोघी आमच्यापेक्षा जास्त दमलेल्या होत्या.

रक्कम संस्थेस पोचली. मात्र आमचे सहकारी अजून बोलतात ते त्या दोन तासांच्या झोपेविषयी. तेव्हापासून महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आमच्यातले दोघे त्यांच्या घरी जातात. जूनच्या पाळीला अद्याप एकच नाव आले आहे. तेव्हा मटार मिळावयाचे नाहीत. लसूण सोलावयास द्यावा, असे ठरले आहे.