टॉलेमी, पण नक्की कोणता?

आजचा एपिसोड छोटा आहे आणि सुरुवात माफीने. मागच्या वेळी क्लिओपात्राबद्दल बोलताना मी बिनधास्त ठोकून दिलं, की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं मांडणारा टॉलेमी तिच्याच घराण्यातला राजा. एका श्रोत्याचा मेसेज आला, "दादा, तो टॉलेमी वेगळा." बरोबर आहे त्याचं. डेटाबेसच्या पहिल्याच तासाला शिकवतात, नाव ही प्रायमरी की करायची नाही. मी नेमकं तेच केलं.

तर गुंता सोडवू. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये गेला. त्याचा सेनापती टॉलेमी इजिप्तचा ताबा घेऊन पुढे राजा झाला. तिथून इ.स.पू. ३० पर्यंत, म्हणजे क्लिओपात्राच्या मृत्यूपर्यंत, घराण्यातला गादीवर बसणारा प्रत्येक पुरुष टॉलेमीच! पहिला, दुसरा, आठवा हे नंबर आधुनिक इतिहासकारांनी लावलेत. तेव्हा ओळख उपाधीने व्हायची. पहिला 'सोटर', म्हणजे तारणहार. आठव्याने स्वतःला 'युएर्गेटीस', उपकारकर्ता म्हणवलं. अलेक्झांड्रियाच्या लोकांनी मात्र त्याला 'फिस्कॉन' करून टाकलं. फिस्कॉन म्हणजे ढेरपोट्या!

त्यात हे राजे लेखकही होते. ढेरपोट्याने आठवणी लिहिल्या. पहिल्याने सिकंदराच्या मोहिमांचा इतिहास लिहिला. तो आज उपलब्ध नाही, पण चारशेहून जास्त वर्षांनी एरियनने त्यावर भरवसा ठेवून आपला ग्रंथ लिहिला. त्याचं एक कारण वाचा: टॉलेमी राजा होता आणि राजाने खोटं बोलणं जास्त लाजिरवाणं. मला हे लॉजिक अजिबात पटत नाही. याच माणसाने सिकंदराचं शव वाटेतून पळवून इजिप्तला नेलं होतं, बोला!

आता आपला खगोलवाला, क्लॉडियस टॉलेमी. 'अल्माजेस्ट' त्याचं. शहर तेच, अलेक्झांड्रिया, पण काळ इ.स.चं दुसरं शतक आणि राज्य रोमचं. राजे संपून दीडेकशे वर्षं झाली होती. तरी मध्ययुगातल्या भल्याभल्यांनी त्याला राजा समजून टाकलं. राफाएलचं 'स्कूल ऑफ अथेन्स' फोनवर झूम करून बघा. उजवीकडे खाली, हातात पृथ्वीचा गोल घेतलेला पाठमोरा माणूस, तो टॉलेमी. आणि डोक्यावर चक्क मुकुट! म्हणजे मी एकटाच नाही.

पण मला खरा धक्का पुढे बसला. याच टॉलेमीच्या 'भूगोल' ग्रंथात सुमारे ८००० ठिकाणं आहेत, अक्षांश-रेखांशांसकट. त्यात एक 'बैथाना'. म्हणजे आपलं पैठण! आणि तिथल्या राजाचं नाव काय? सिरी टोलेमाइओस. मी परत वाचलं. पैठणला टॉलेमी?

तर हा सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, असं इतिहासकार सांगतात. 'सिरी' म्हणजे श्री, आणि पुळुमावीचा ग्रीक लेखणीत टॉलेमी झाला. गंमत म्हणजे सातवाहनांकडेही एकाच नावाची गर्दी होती. सातकर्णी तर कितीतरी. म्हणून आईकडून आलेलं नाव आधी जोडायचं: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी. आमच्या भाषेत कॉम्पोझिट की. तीही कमी पडली, कारण पुढचा यज्ञ सातकर्णीसुद्धा गौतमीपुत्रच.

नाशिकला पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात पुळुमावीच्या १९व्या वर्षातला लेख आहे, त्याच्या आजीच्या, गौतमी बलश्रीच्या दानाचा. त्यात ब्राह्मी लिपीत स्वच्छ कोरलंय: सिरि पुळुमायि. पुढच्या महिन्यात जाऊन बघणार आहे. आणि हो, मागच्या एपिसोडमधला तो चुकीचा तुकडा आज सकाळीच कापलाय.