पावसाळ्याआधीचे शॉकअप



शॉकअप गेले की गाडी आदळते आणि पाठ दुखते, एवढंच आपण धरून चालतो. पाठीचं दुखणं सोसायची आपल्याला सवय असते, त्यामुळे शॉकअप बदलणं दिवाळीपर्यंत लांबतं. पावसाळा तोंडावर असताना हा विषय मी मुद्दाम घेतला आहे, कारण शॉकअपचा पहिला संबंध पाठीशी नसून ब्रेकशी आहे.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. चाक खड्ड्यातून गेलं की स्प्रिंग दबते, मग उसळते, आणि तिला एकटीला सोडलं तर बराच वेळ वरखाली होत राहील. उसळीच्या त्या क्षणांत टायरचा रस्त्यावरचा दाब कमी होतो. नेमका तेव्हाच ब्रेक दाबला तर पकड सुटते, आणि ओल्या डांबरावर ती आणखी लवकर सुटते. ही उसळी जिरवणं हे शॉकअपचं काम. आत तेल असतं, तेलात दट्ट्या, आणि दट्ट्यात बारीक वाटा. रंगपंचमीची पिचकारी हळू दाबली तर सहज दबते, जोरात दाबली की अडते, तसंच हे. धक्का जितका वेगाचा, तितका विरोध जास्त. जिरलेल्या धक्क्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून लांब येऊन थांबलात की शॉकअपची नळी हाताला गरम लागते ती त्यामुळेच.

तो झिजला हे ओळखायचं कसं? गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन थोडक्यात स्थिरावला तर ठीक. झुलत राहिला तर शॉकअप संपत आला. मात्र या परीक्षेत पास झाला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण हातानं दिलेला धक्का रस्त्याच्या धक्क्यापेक्षा फार सौम्य असतो. खाली वाकून नळी बघा. तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर सील गेलं. टायरवरून तळहात फिरवा. जागोजाग खोलगट झीज लागत असेल तर चाक रस्त्यावर नाचत होतं, असा अर्थ असू शकतो.

आता घरी काय करावं आणि काय करू नये. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या कॉन्सल गाडीत आली आणि जगभर पसरली. तिच्यात स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. ती उतरवताना निसटली तर हात आणि चेहरा दोन्ही धोक्यात. शिवाय नंतर व्हील अलाइनमेंट करावं लागतं. पुढचं काम गॅरेजलाच द्या, हे मी आग्रहानं सांगतो.

मागचं मात्र घरी होऊ शकतं. मारुती आल्टोसारख्या गाडीत मागे सलग अ‍ॅक्सल असतो आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते. आदल्या संध्याकाळी गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी सपाट जागा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून पक्क्या उटी. हँडब्रेकवर विसंबू नका: बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना धरतो, आणि ती तर हवेत असणार. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. गाडी उचलली की तिचं वजन स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, तुम्ही नाही, घरातलं दुसरं कुणीही नाही.

यानंतरची गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. अ‍ॅक्सल किती खाली जाईल, हे शॉकअपच अडवून धरत असतो. तो काढला की अ‍ॅक्सल लोंबतो, स्प्रिंग जागेवरून सुटू शकते आणि ब्रेकच्या रबरी नळीला ताण बसतो. म्हणून अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक टेकवून ठेवा आणि एका वेळी एकच बाजू सोडा. बदलायचे मात्र दोन्ही. एक नवा आणि एक थकलेला असेल तर वळणावर गाडी दोन बाजूंनी दोन तऱ्हांनी वागते.

वरचा नट सोडताना दांडा फिरू लागला तर त्याच्या टोकाला दिलेली सपाट जागा पान्यानं धरा. नव्या शॉकअपच्या चकचकीत दांड्याला पक्कड कधीच लावू नका. तिथे पडलेला ओरखडा सील कापतो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळू लागतो. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा, पूर्ण ओढा, म्हणजे पडून राहिल्यानं तेलात शिरलेली हवा वर निघून जाते.

सगळ्यात नाजूक भाग रबरी बुशांचा. गाडी हवेत असतानाच खालचा बोल्ट पूर्ण आवळला, तर बुश त्याच स्थितीत घट्ट पकडला जातो. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून तो आधी फक्त लावून घ्या. गाडी चाकांवर उतरवा, मागे दोघांना बसवून हलवा, आणि मग कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतका तो बोल्ट टॉर्क-पान्यानं आवळा. बुशला ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, रबर फुगतं.

जुने शॉकअप भंगारात देताना त्यात दाबाखालचा गॅस असू शकतो, हे भंगारवाल्याला सांगा; ते कापायला किंवा जाळात टाकायला बसणारा माणूसही आपलाच आहे. पहिल्या दिवशी ओळखीच्या रस्त्यावरून सावकाश चालवा, खडखड ऐकू आली तर थांबून वरचा नट बघा, आणि शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा तपासा.