ट्रॅक्टर का उलटतो आणि जीव कसा जपावा



नांगरटीची घाई सुरू झाली, की ट्रॅक्टरला उसंत नसते. नांगर किती खोल घालावा, डिझेल कसे वाचवावे, हे आपण नेहमी बोलतो. आज बोलायचे आहे ते ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाच्या जिवाबद्दल. 35-45 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण वीस क्विंटल असते. तो अंगावर पडला, तर पुढे करण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून तो मुळात उलटतो कशाने, हे समजून घेतले पाहिजे.

ट्रॅक्टर दोन तऱ्हांनी उलटतो, मागे आणि बाजूला. मागे उलटणे अधिक वाईट, कारण ते पापणी लवायच्या आत घडते. मागची चाके चिखलात रुतली किंवा जखडली, आणि इंजिन जोर लावतच राहिले, तर काय होते? चाक फिरेना, मग ट्रॅक्टरचे धूडच चाकाभोवती फिरू पाहते. पुढची चाके वर उठतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर येतो. म्हणून रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून तो बाहेर काढायचा प्रयत्न मुळीच करू नका. अवजार सोडा, चाकामागची माती उकरा, आणि हळूच मागे घेऊन बघा. नाहीच निघाला, तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्या. ओढताना साखळीजवळ कोणी उभे राहू नये.

ओझे ओढायचे ते नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. झाडाचे खोड किंवा अडकलेली ट्रॉली ओढायला कोणी वर टॉप लिंकच्या जागी, नाहीतर ॲक्सलला साखळी बांधतात. ओढ जितकी उंचावरून, तितका पुढचा भाग उचलायला मदत. पुढची चाके हलकी वाटली, की क्षणाचाही विचार न करता क्लच दाबा. तसेच क्लच कधी झटक्याने सोडू नका, विशेषतः चढावर. उभा चढ चढायचाच असेल आणि मागे ट्रॉली नसेल, तर ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवावा आणि उतरताना तोंड पुढे करून उतरावा.

आता बाजूला उलटण्याचे. बांध, नाला, शेततळे आणि बिनकठड्याची विहीर यांच्या कडेची माती वरून घट्ट दिसते, पण पावसानंतर आतून पोकळ झालेली असते. नाला जितका खोल, निदान तितके अंतर काठापासून सोडावे. चार हात जमीन पडीक राहिली तर राहू द्या. उतारावर आडवे जाताना वेग कमी ठेवा, अवजार खाली ठेवा, आणि वळायचेच झाले तर उताराच्या दिशेने हळू वळा. वळणावर वेग दुप्पट केला, तर उलटवणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेक जोडणारी खिटी लावलीच पाहिजे. नाहीतर घाईत एकच ब्रेक दाबला जातो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उसाची भरलेली ट्रॉली घेऊन उतार उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे म्हणजे ट्रॉलीच्या हाती कासरा देणे. उताराच्या आधीच खालचा गिअर टाका. अंधार पडायच्या आत ट्रॉलीच्या मागे तांबडे परावर्तक आणि दिवा आहे की नाही, ते बघा.

माउलींनो, हे तुमच्यासाठीही आहे. पोराला हौस म्हणून मडगार्डवर बसवतात. एक खड्डा आला, की पोर मागच्या चाकाखाली. ट्रॅक्टरवर सीट एक, म्हणून माणूस एक. वजनासाठी रोटाव्हेटरवर किंवा फळीवर माणूस उभा करणेही तितकेच घातक आहे.

पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, उपरणे, धोतराचा सोगा त्यात अडकला, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. त्यावरचे संरक्षक कव्हर काढू नका. अवजारात काही अडकले, तर आधी पी.टी.ओ. बंद, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि फिरणे पूर्ण थांबल्यावरच हात घाला.

शेवटची गोष्ट सुरक्षा चौकटीची. सीटमागे मजबूत लोखंडी कमान असली, तर ट्रॅक्टर उलटूनही माणसाला जागा राहते. स्वीडन देशात 1959 सालापासून नव्या ट्रॅक्टरला अशी चौकट सक्तीची झाली आणि तिथले अशा अपघातांतले मृत्यू पुष्कळ घटले. चौकट असेल तर सीटचा पट्टा जरूर बांधा. चौकट नसेल तर पट्टा बांधू नका. चौकट गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अंदाजाने करून घेऊ नये. ती त्या ट्रॅक्टरसाठी तपासलेलीच हवी. केवळ उन्हासाठी लावलेले छत म्हणजे चौकट नव्हे.

उद्या ट्रॅक्टर सुरू करण्याआधी ब्रेकची खिटी, ड्रॉबारची पिन आणि पी.टी.ओ.चे कव्हर, या तीन गोष्टी हाताने चाचपून बघा. पाच मिनिटे जातील. तेवढी जाऊ द्या.