मातीचा ताप, मातीची ओल

रेडिओवर बातम्यांनंतर आपण जे कमाल-किमान तापमान ऐकता, ते हवेचं. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर घेतलेलं. बियाणं मात्र दोन-तीन इंच खाली पडतं.

खालचं तापमान मोजण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, आणि तिचं माहेर पुणे. हवामान खात्याचा कृषी विभाग १९३२ साली पुण्यात सुरू झाला, तो डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखाली. तेव्हापासून काळ्या रानात काचेच्या वाकड्या नळ्या पुरून नोंदी होत आल्या. मे महिन्यात त्या रानाचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो. पण वीस सेंटिमीटर खाली दुपारची झळ पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असते आणि तोवर तिचा जोरही ओसरतो.

आणखी खोल गेलं की ऋतूही पुसले जातात. वीसेक मीटरखाली उन्हाळा-हिवाळा कळत नाही. कळते ती दशकांची चाल. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या खोल विंधन छिद्रांतली तापमानं तपासली. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत भारतातली जमीन जवळजवळ ०.९ अंशानं तापली, असा त्यांचा २००२ सालचा निष्कर्ष. थर्मामीटरची वही जिथे नव्हती, तिथेही खडकानं नोंद ठेवली होती.

ओलीचं तसं नाही. ती मागे खूण ठेवत नाही. गिरमिटानं माती काढायची, १०५ अंशांवर भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायचं, ही खरी रीत. कष्टाची, म्हणून नोंदी तुटक. २०१५पासून अमेरिकेचा ‘स्मॅप’ उपग्रह ओल मोजतो, पण तो थेट पाहतो वरचे पाचेक सेंटिमीटर. मंगळवेढ्याची ज्वारी पिकते ती हातभर खालच्या, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर. तिला त्या आकड्याचं काय?

‘देशाची सरासरी ओल’ या आकड्यावर तर माझा मुळीच भरवसा नाही. पंजाबातलं ओलं शेत पुष्कळदा ट्यूबवेलच्या जिवावर ओलं असतं. वरची ओल वाढते तेव्हा खालचं पाणी उतरत असतं. दोन्ही एकाच बेरजेत घातली की हिशेब गोड दिसतो.

ताप आणि ओल यांचं खातंही एकच आहे. माती ओली असली की उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. कोरडी असली की तेच ऊन तिला आणि वरच्या हवेला भाजतं. पाऊस चार मोठ्या सरींत पडून ओढ्याला गेला, तर वर्षाचे मिलिमीटर भरतात, पण उघडिपीत जमीन तापते आणि कोवळे कोंब माना टाकतात. दुबार पेरणी येते ती इथून.

म्हणून मृगाच्या तोंडावर पावसाच्या अंदाजाबरोबर पाच सेंटिमीटरखालचं तापमान आणि ओलही याच रेडिओवरून, तालुक्याचं नाव घेऊन, सांगायला हवी. वाफसा आला की नाही, हे शेतकरी मूठभर माती दाबून पाहीलच. पण पुढच्या आठ दिवसांत तो टिकेल का, हे मुठीला कळत नाही.